मदत हवी आहे: रीझनर चालवला की वेगवेगळे लेखक एकच माणूस होतात

उंबरठा
दोन पुस्तकसूच्या एकत्र करायच्या आहेत. दोन्ही आरडीएफमध्ये (नोंदी छोट्या विधानांत लिहायची पद्धत) आणल्या, आउल या भाषेत ऑन्टॉलॉजी (कुठले वर्ग, त्यांच्यात काय संबंध याची व्याख्या) लिहिली, प्रोटेजे या संपादकात उघडल्या. रीझनर (विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चालवेपर्यंत सगळं ठीक, चालवला की विचका. एका कवयित्रीच्या नावावर पंपदुरुस्तीचं पुस्तक लागलंय. तिची नोंद उघडली तर "सेम इंडिव्हिज्युअल ॲज"खाली (म्हणजे 'हा तोच') सव्वीस नावं, त्यात एक गणितज्ञ. शिवाय एक संस्था 'व्यक्ती' होऊन बसलीये. आणि एवढं होऊनही एरर एकही नाही! म्हणे सगळं सुसंगत आहे.
रीझनरमध्ये बग आहे का? दुसरा कुठला वापरू? शुक्रवारी दाखवायचंय. "गूगल करा" सांगू नका, तीन दिवस तेच केलंय.

त्रिपदी
कुठला रीझनर? आणि सूच्या "एकत्र केल्या" म्हणजे नेमकं काय केलंत? नुसत्या एका फाइलीत ओतल्या, की जुळणाऱ्या नोंदी एकमेकींना जोडल्या? जोडल्या असतील तर कशाने? 'लेखक' या प्रॉपर्टीवर (संबंधावर) काय काय लावलंय तेही चिकटवा.

उंबरठा
हर्मिट. प्रोटेजेबरोबर येतो तोच. एकत्र केल्या म्हणजे एकत्र केल्या, त्यात काय सांगायचं? ऑन्टॉलॉजी अगदी साधी आहे: पुस्तक, व्यक्ती, संस्था. प्रश्न रीझनरचा आहे.

टेबलवाला
भाऊ, हे आरडीएफ, आउल वगैरे सोडा. तीन टेबलं करा: पुस्तक, लेखक आणि दोघांना जोडणारं तिसरं. फॉरेन की लावा, म्हणजे जोडलेली नोंद दुसऱ्या टेबलात असायलाच हवी. लेखकाच्या रकान्यात संस्था घालायला गेलात की डेटाबेस तिथल्या तिथे हात धरेल. अर्ध्या दिवसाचं काम. १९७० मध्ये कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यानंतर या क्षेत्रात नवीन काही घडलेलं नाही हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

उंबरठा
मी भाऊ नाही. आणि आउलमध्येच हवंय, तो निर्णय माझा नाही.

टेबलवाला
माफ करा ताई. निर्णय ज्यांचा आहे त्यांना माझा निरोप द्या.

नुक्ताचीनी
मला वाटतं घोळ युनिकोडचा आहे. 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा 'र'खाली नुक्ता देऊन. डोळ्याला सारखंच, यंत्राला वेगळं. आधी सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा. पण तेवढ्याने भागत नाही. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा ऱ काही कळफलक 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहितात, तो एनएफसीतूनही तसाच सुटतो. त्यासाठी वेगळी बदली करावी लागते. मी एकदा एक आख्खा आठवडा यात घालवलाय.

त्रिपदी
उपयोगी माहिती, पण त्याने एकच लेखक दोन होतील. इथे उलटं झालंय, सव्वीस जणांचा एक झालाय.
उंबरठा, संस्थेचं कोडं आधी सोडवू, ते सोपं आहे. त्या संस्थेची नोंद उघडा. टाइप्सच्या खाली 'व्यक्ती' पिवळ्या पट्टीत दिसत असेल. त्या ओळीच्या उजव्या टोकाला छोटं प्रश्नचिन्ह आहे, ते दाबा. जे दिसेल ते जसंच्या तसं इथे टाका.

उंबरठा
दोन ओळी आल्या.
'अहवाल_३१२ लेखक संस्था_९'
'लेखक रेंज व्यक्ती'
बरोबर आहे ना? लेखक व्यक्तीच असायला हवा, म्हणून तर रेंज लावली. मग संस्था आल्यावर त्याने ओरडायला नको का?

त्रिपदी
नाही ओरडणार. आउलमध्ये रेंज पहारा देत नाही, ती एक विधान करते: "या जागी जो कोणी बसेल तो व्यक्ती आहे." तुम्ही तिथे संस्था बसवलीत, त्याने तुमचा शब्द प्रमाण मानून संस्थेला व्यक्ती केलं. 'व्यक्ती आणि संस्था एकच असू शकत नाहीत' हे तुम्ही कुठे सांगितलंय? दोन्ही वर्ग डिसजॉइंट जाहीर करा, मग बघा कसा ओरडतो.
डेटाबेस धरून चालतो की नोंदीत नाही ते खोटं. आउल धरून चालतं की नोंदीत नाही ते अजून कळलेलं नाही, एवढंच. पहिल्याला बंद जग म्हणतात, संगणकशास्त्रज्ञ रायटरने १९७८ मध्ये त्याची नीट मांडणी केली. दुसरं ते उघडं जग. नियम बंद जगातल्यासारखे तपासायचे असतील तर शॅकल ही नियम तपासायची भाषा वापरा, २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) शिफारस आहे. रेंज त्या कामाची नाही.

टेबलवाला
म्हणजे चूक पकडायला आणखी एक भाषा शिकायची. मी काही बोलत नाही.

त्रिपदी
बोललातच. तुमच्या टेबलाला 'लेखक' रकाना म्हणजे काय ते कळत नाही, ते तुम्हाला कळतं. तुम्ही नोकरी सोडली की टेबल मुकं. इथे निदान गृहीतकं लिहून ठेवावी लागतात.

टेबलवाला
लिहून ठेवली आणि कवयित्री पंप दुरुस्त करू लागली.

झटपट
एवढं कशाला? दोन्ही सूच्या एखाद्या भाषा मॉडेलला द्या, सांगा "जुळणाऱ्या नोंदी शोध". पाच मिनिटांत काम. किंवा शीर्षकांचे एम्बेडिंग (अर्थाचं आकड्यांतलं रूप) काढा, जवळचे ते एकत्र करा. ऑन्टॉलॉजीचा जमाना गेला. १९८४ मध्ये साइक सुरू झालं, माणसाची व्यवहारबुद्धी हाताने लिहून काढायला निघाले होते. काय झालं बघा.

त्रिपदी
एम्बेडिंगमध्ये 'चढ' आणि 'उतार' शेजारी येतात, कारण दोन्ही शब्द सारख्याच वाक्यांत वावरतात. उमेदवार शोधायला मॉडेल चांगलंच आहे, मीही वापरतो. पण 'जवळचे' म्हणून सापडले ते 'तेच' म्हणून लिहिलेत तर हाच घोटाळा जास्त वेगाने होईल.
उंबरठा, माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. नोंदी कशाने जोडल्या?

उंबरठा
अहो, स्क्रिप्ट लिहिली. शीर्षक सारखं असेल तर दोन्ही पुस्तकांमध्ये सेमॲज (तेच ते 'सेम इंडिव्हिज्युअल ॲज') टाकलं. हे सगळेच करतात ना?

त्रिपदी
सापडलं. आता एकच सांगा. 'लेखक' फंक्शनल आहे का?

उंबरठा
लेखक नाही, पण 'मुख्य_लेखक' आहे. एका पुस्तकाला मुख्य लेखक एकच असतो, म्हणून खूण केली. दोन आले तर पकडले जावेत म्हणून.

त्रिपदी
घ्या. सेमॲजचा अर्थ 'सारखं' नाही. अर्थ असा की ही दोन नावं एकाच वस्तूची आहेत, एकीबद्दल जे खरं ते दुसरीबद्दलही खरं. तुमच्या सूच्यांत 'आठवणी' नावाची पुस्तकं किती?

उंबरठा
बघते.
सात. सहा वेगवेगळे लेखक.
अरे देवा.

त्रिपदी
आता साखळी बघा. सात 'आठवणी' स्क्रिप्टने एक केल्या. त्या एका पुस्तकाला सहा मुख्य लेखक आले. फंक्शनल म्हणजे मुख्य लेखक एकच. डेटाबेस इथे अडला असता. आउलमध्ये मात्र वेगळी नावं म्हणजे वेगळी माणसं असं गृहीतच नाही, एका माणसाला दहा नावं असू शकतात. मग त्याने सरळ निष्कर्ष काढला: ही सहाही एकाच माणसाची नावं. त्या सहांपैकी कोणी 'निवडक लेख' लिहिलं असेल, त्या शीर्षकाची आणखी चार पुस्तकं असतील, की ते लेखकही यात आले. असं करत करत सव्वीस. पंपवाले गृहस्थ कुठून शिरले ते प्रश्नचिन्ह दाबून बघा.
रीझनर निर्दोष आहे. तुम्ही सांगितलेलं त्याने शब्दशः ऐकलं.

उंबरठा
पंपवाल्यांनी तरुणपणी 'प्रवास' नावाचं पुस्तक लिहिलेलं आहे.

टेबलवाला
😂 माझा मुद्दा सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

जुना_सूचीकार
उशिरा आलो. सेमॲज काढलंत तरी मूळ गाठ तशीच राहील, ती तंत्राची नाहीच. तुमचा 'पुस्तक' हा वर्ग म्हणजे काय? मी "ते पुस्तक फाटलंय" म्हणतो तेव्हा कपाटातली प्रत. "त्या पुस्तकाचा अनुवाद झालाय" म्हणतो तेव्हा कृती. "त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती संपली" यात तिसरंच काही. बोलताना आपल्याला अडत नाही, ऐकणारा लावून घेतो. इफ्लाने (ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) १९९८ मध्ये एफआरबीआर अहवालात याच्या चार पायऱ्या केल्या: कृती, तिचं भाषेतलं वा अन्य रूप, त्याचं प्रकाशन आणि हातातली प्रत. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या एलआरएममध्येही त्या चार टिकल्या. माझा अंदाज, तुमची एक सूची कृतींची आहे आणि दुसरी प्रकाशनांची. पानसंख्या एकीतच असेल.

उंबरठा
हो. दुसरीतच आहे. पानं, प्रकाशक, वर्ष. पहिलीत फक्त शीर्षक, लेखक, विषय. तुम्हाला कसं कळलं?

जुना_सूचीकार
एकतीस वर्षं सूच्या केल्यात. मग दोन वर्ग करा, 'कृती' आणि 'प्रकाशन', आणि मध्ये 'याचं प्रकाशन' असा संबंध ठेवा. सेमॲज लागणारच नाही.

झटपट
आयएसबीएनवर जुळवा की सरळ.

जुना_सूचीकार
आयएसबीएन प्रकाशनाचा असतो, कृतीचा नव्हे. त्याच पुस्तकाच्या कापडी बांधणीला एक क्रमांक, कागदीला दुसरा. आणि १९७० च्या आधीच्या पुस्तकावर शोधलात तर सापडणार नाही.

स्कॉसप्रेमी
सेमॲजच्या जागी स्कॉसचं (विषयसूच्यांसाठीच्या मानकाचं) क्लोजमॅच, म्हणजे 'जवळपास तेच', टाका, विषय संपला. ते संक्रामक नाही (अ-ब जुळले, ब-क जुळले, म्हणून अ-क जुळले असं होत नाही), साखळी तयारच होत नाही. एक्झॅक्टमॅच ('अगदी तेच') टाकू नका, ते संक्रामक आहे.

त्रिपदी
ते विषयसूचीतल्या संकल्पनांसाठी आहे. 'शेती' आणि 'कृषी' जुळवायला छान. पुस्तक ही काही संकल्पना नव्हे.

स्कॉसप्रेमी
व्यवहारात सगळे वापरतात.

त्रिपदी
सेमॲजही व्यवहारात सगळे वापरतात, म्हणून तर हा धागा निघाला.

अर्थपिपासू
मुळात 'तेच' म्हणजे काय? पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन्ही शुक्रच. पण एखाद्याला एक ठाऊक असून दुसरा तोच हे ठाऊक नसू शकतं. तत्त्वज्ञ फ्रेगेने १८९२ मध्ये हाच प्रश्न घेतला: वस्तू एक, पण ती समोर येण्याची रीत वेगळी. सेमॲजमध्ये ही रीतच पुसली जाते. "अमक्याला वाटतं की संध्याकाळचा तारा सुंदर आहे" हे वाक्य सेमॲजमधून कसं न्याल? आणि गंमत म्हणजे आपल्याकडे 'अर्थ' शब्दाचेच दोन अर्थ. मी एकदा 'अर्थ' असं शोधलं तर पहिली आठ उत्तरं अंदाजपत्रकाची.

नुक्ताचीनी
'कर' शोधून बघा. हात, सरकारी कर, आणि आज्ञार्थी क्रियापद.

अर्थपिपासू
'मान'! गळा आणि आदर. दोन्ही झुकतात.

उंबरठा
माझा शुक्रवार आहे हो.

जुना_सूचीकार
त्यांना खेळू द्या. पण एक ऐका, विषयाच्या रकान्यात एकच शब्द कोंबू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे केले, कशाबद्दल, कशाचं बनलेलं, कुठली क्रिया, कुठे, केव्हा. पंपदुरुस्तीत 'पंप' वेगळा आणि 'दुरुस्ती' वेगळी. पुढे कामाला येईल.

त्रिपदी
पुढचं पुढे. उंबरठा, आज हे करा: स्क्रिप्टने टाकलेली सेमॲजची सगळी विधानं काढा, मुख्य_लेखकवरची फंक्शनलची खूण काढा, व्यक्ती आणि संस्था डिसजॉइंट करा, लेखकाची रेंज 'व्यक्ती किंवा संस्था' करा. मग परत चालवा.

उंबरठा
(रात्री)
केलं. आधी डिसजॉइंट करून चालवलं, तर रेंज बदलायची राहिली होती, लगेच विसंगत म्हणून लाल झालं. पहिल्यांदाच लाल बघून बरं वाटलं. रेंज बदलल्यावर शांत. कवयित्री एकटी आहे, पंप पंपवाल्यांकडे गेला, संस्था संस्था आहे.
कृती आणि प्रकाशन वेगळे करायला घेतलेत. स्क्रिप्ट आता शीर्षक आणि लेखक दोन्ही जुळले तरच संबंध *सुचवते*, खरं-खोटं मी ठरवते. एकशे चाळीस जोड्या आहेत, नव्वद झाल्या.
एका जोडीवर अडलेय. त्याच लेखिकेच्या दोन 'आठवणी'. एक १९६२, १८४ पानं. दुसरी १९७१, ३१० पानं. वाढवलेली आवृत्ती की दुसरा भाग?

टेबलवाला
हे माझ्या टेबलालाही कळणार नाही. प्रामाणिकपणे सांगतो.

झटपट
मॉडेलला विचारा?

जुना_सूचीकार
दुसरीच्या आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू बघा. 'पहिली आवृत्ती' असं वर्ष आहे का, कुठलं आहे. आणि प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद.

उंबरठा
दोन्ही प्रती खालच्या मजल्यावर आहेत. सकाळी काढून बघते.