टांगलेली साखळी पॅराबोला की दुसरंच काय?

खानापूरचा_पोरगा:
पीयूसी सेकंड इयरला (बारावीला) आहे मी. गोकाक फॉल्सचा झुलता पूल बघून आल्यापास्नं दादाचं नि माझं भांडण चाललंय. तो सिव्हिलवाला, म्हणतो झुलत्या पुलाची केबल पॅराबोला, म्हणजे y = kx² वाला वक्र. मी म्हटलं मग नुसती टांगलेली साखळीबी पॅराबोलाच की, तर म्हणतो नाही. नेटवर कॉश (cosh) काय तर दिलंय. खरं दिसायला दोन्ही सेमच दिसतंय की हो. घरात मोजून फरक कळतोय काय?

टिळकवाडी_गणित:
दादाचं बरोबर आहे बाळ. वजन कुठं पडतंय ते बघ. सळ्यांनी सपाट रस्ता टांगलेला असला की आडव्या प्रत्येक फुटाला वजन सारखंच, केबलचं स्वतःचं त्यामानानं कमी, म्हणून मधल्या बिंदूपास्नं जितकं लांब जाशील तितक्याच प्रमाणात उतार वाढतो, झाला पॅराबोला. साखळीचं वजन तिच्या लांबीवर असतंय, टोकांकडं ती उभी होत जाते म्हणून तिथं एका आडव्या फुटात जास्त साखळी मावते, जास्त वजन येतं, आणि y = a cosh(x/a) निघतं, म्हणजे कॅटेनरी (टांगलेल्या साखळीचा वक्र). cosh x म्हणजे eˣ आणि e⁻ˣ ची सरासरी, a हा साखळी किती लोंबते त्यावर ठरणारा आकडा.

मोजायचं तर एका उंचीवर 2 मीटर अंतरानं दोन खिळे मार, बारीक कड्यांची 2.35 मीटर साखळी अडकव. मध्ये साधारण 54 सेंमी खाली येईल. आता मधनं 50 सेंमी बाजूला सरक आणि सगळ्यात खालच्या कडीपेक्षा किती वर आहे ते बघ. पॅराबोला असता तर 13.6 सेंमी, साखळी 12.8 दाखवेल. 8 मिलिमीटरचाच खेळ आहे, म्हणून डोळ्याला कळत नाही.

गॅलिलिओनं पण 1638 ला साखळी पॅराबोलाच्या जवळची धरलेली. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं 1646 ला, 17 वर्षांचा असताना, ती पॅराबोला नाही हे दाखवलं, तुझ्याच वयाचा की! खरं उत्तर 1691 ला आलं, लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली तिघांकडनं.

निपाणी_लाईनकाम:
आमच्या विजेच्या तारांना झोल (मध्ये तार किती खाली लोंबते ते) कमी असतोय म्हणून पॅराबोलाचाच हिशोब चालतो, ताण = वजन × अंतराचा वर्ग ÷ (8 × झोल). वजन म्हणजे मीटरमागं, अंतर दोन खांबांमधलं. उसावरनं तार लोंबत्या म्हणून लोक म्हणतात ओढून घट्ट करा, खरं झोल निम्मा केला की ताण दुप्पट होतोय, आणि उन्हाळ्यात ताठ ओढलेली तार थंडीत आखडली की खांबावरच येतंय सगळं.

खानापूरचा_पोरगा:
मोजलं सर! 12.8 च्या अगदी जवळ आलं, दादाला बोलवून दाखवलं. मग हीच साखळी उलटी केली तर कमान होते म्हणतात ते खरं काय?

टिळकवाडी_गणित:
होय की. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं 1675 ला मांडलंय ते. साखळीत नुसता ताण, उलटली की नुसता दाब, म्हणून दगड-विटांना तो आकार मानवतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसची 192 मीटर उंच कमान, गेटवे आर्च, बघ, खरं ती खाली जाड नि वर बारीक आहे, वजन सगळीकडं सारखं नाही, म्हणून तिचा वक्र साध्या साखळीपेक्षा जरा चपटा आहे. तसली साखळी करायची तर टोकांकडं जड कड्या आणि मध्ये हलक्या लावून टांग.