जात, प्रजाती, वंश आणि वाण : नेमका अर्थ कोणता?

प्रश्न (भाचीला शिकवणारी मावशी, इंदूर)

आमच्या घरी मराठी बोलली जाते, मात्र भाची हिंदी माध्यमातून शिकते. ती यंदा अकरावीत आहे. तिच्या पुस्तकात वर्गीकरणाच्या खालच्या पायऱ्या ‘कुल, वंश, जाति’ अशा दिलेल्या आहेत. पुण्याहून आतेबहिणीने पाठवलेल्या मराठी पुस्तकात त्याच जागी ‘कुल, प्रजाती, जाती’ असे छापले आहे, आणि हिंदी वर्तमानपत्रे तर वाघ, गिधाड, चित्ता या प्रत्येकाला सरसकट ‘प्रजाति’ म्हणतात. त्यात भर म्हणून परवा छावणीतल्या धान्याच्या दुकानात मी घरच्या सवयीने ‘कौन सी जात का गेहूँ है?’ असे विचारले, तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना. घरी आल्यावर भाचीने विचारले की, शरबती ही गव्हाची जात, गीर ही गायीची जात आणि वाघ हीही एक जात, तर मग जात म्हणजे काय? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, ग्वाल्हेर)

ताई, दुकानदार हसला याचे कारण हिंदीत या गोष्टींना निरनिराळे शब्द आहेत. गायीची ‘नस्ल’ असते, गव्हाची ‘किस्म’ असते आणि ‘जात’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात माणसांची जातच येते. मराठीत आपण या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरतो. पिकांपुरता ‘वाण’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि शेतकरी तो वापरतातही, पण शहरात तो संक्रांतीपुरता उरला आहे.

पुस्तकांतील घोळ केवळ परिभाषेचा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ साली वनस्पतींना सर्वत्र दोन शब्दांची नावे दिली आणि हीच पद्धत पुढे प्राण्यांनाही लागू झाली. ‘पँथेरा टायग्रिस’ या वाघाच्या नावातील पहिल्या शब्दाच्या पायरीला मराठी पुस्तके प्रजाती म्हणतात, तर हिंदी पाठ्यपुस्तके वंश. दोन्ही शब्द मिळून जे नाव होते, ती दोन्हीकडे जाती. वर्तमानपत्रांतील ‘प्रजाति’ हा याच शेवटच्या पायरीसाठी रूढ झालेला शब्द असून अलीकडे मराठी वृत्तपत्रेही त्याच वाटेने गेली आहेत. परीक्षेत भाचीने तिच्या पुस्तकातलेच शब्द लिहावेत. तेथे आपली मराठी मध्ये आणू नये, गुण जातील.

‘वंश’ आणखी एका अर्थाने येतो. आनुवंशिकीत त्याचा अर्थ पिढ्यांची परंपरा असा होतो, वर्गीकरणाची पायरी असा नव्हे. त्यामुळे ‘शुद्ध वंशाची वाटाण्याची रोपे’ असे वाचल्यावर त्यात जीनस (वर्गीकरणातली ‘वंश’ ही पायरी) शोधू नये. पिढ्यानपिढ्या ज्यांचा एखादा गुण बदलत नाही अशी रोपे, एवढेच तेथे अभिप्रेत आहे.

उत्तर (शेतकी पदवीधर, इंदूर)

सरांनी शब्दांचे सांगितले, मी गव्हाचे सांगतो, कारण भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दुकानातल्या पोत्यांतच होते. शरबती आणि लोकवन हे दोन्ही साधे गहू आहेत, म्हणजे एकाच जातीचे दोन वाण. (लोकवनात वन नाही. गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला हा ‘लोक-१’ वाण. त्यातल्या आकड्याचा इंग्रजी उच्चार लोकांच्या तोंडी बसला.) बाफल्यांसाठी (बाटीसारख्या माळव्यातल्या पदार्थासाठी) आपण जो कठिया किंवा मालवी गहू मागतो तो मात्र ड्युरम, म्हणजे वेगळ्या जातीचा. साध्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे (आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे) असतात आणि ड्युरममध्ये २८. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे ‘पूर्णा’ आणि ‘पूसा तेजस’ हे दोन वाण सहज शेजारी विकले जातात, पण पहिला साधा गहू आहे आणि दुसरा ड्युरम.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. शरबती आणि लोकवन यांचा संकर केला तर रोप नेहमीसारखेच दाणे धरते. साधा गहू आणि ड्युरम यांच्या संकरातून आलेल्या रोपात मात्र ३५ गुणसूत्रे येतात. त्यांपैकी १४ जोड्या जुळतात, उरलेल्या ७ गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाही, परागकण व बीजांडे तयार होताना त्यांची वाटणी विस्कटते आणि रोप कमी दाणे धरते. कमी धरते, पण धरते, आणि याच फटीचा फायदा पैदासकारांनी घेतला आहे. आपल्या खपली गव्हातही २८ गुणसूत्रे असतात. तांबेरा या बुरशीच्या रोगाला दाद न देण्याचा त्याचा गुण ऑस्ट्रेलियात गव्हाचे संशोधक वॉटरहाऊस यांनी साध्या गव्हात उतरवला आणि त्या वाणाचे नाव ‘खपस्टीन’ ठेवले. एका मराठी शब्दाचे अर्धे अंग त्या नावात आहे, याचे मला कॉलेजात असल्यापासून कौतुक वाटत आले आहे.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. भाचीची शंका पुढे सरकली आहे. घोडा आणि गाढव यांना खेचर होते, तर ती एकच जात का मानू नये?

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, वडोदरा)

मावशी, घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३, त्यामुळे खेचर बहुधा वांझ असते. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या व्याख्येत निसर्गात आपसांत प्रजनन करणारा आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहणारा गट म्हणजे जाती, असे धरले आहे. त्या कसोटीवर घोडा आणि गाढव वेगळे ठरतात. गीर, माळवी आणि निमाडी या गायी मात्र एकाच जातीच्या आहेत, कारण त्यांच्या संकरातून आलेली वासरे पुढे व्यवस्थित वितात. माणसांच्या ‘जातीं’ना जीवशास्त्रात कोणतीच पायरी नाही, हे भाचीला यासोबतच सांगावे.

गुणसूत्रांचा आकडा हीच कसोटी आहे असे मात्र तिने धरू नये. आपल्याकडच्या नदी-म्हशीत ५० आणि आग्नेय आशियातील दलदली म्हशीत ४८ गुणसूत्रे असूनही त्यांच्या संकरातून आलेली ४९ गुणसूत्रांची म्हैस विते. माझ्या विषयात तर मायर यांची व्याख्या टेकायलाच जागा नाही, कारण जिवाणू मीलनाने वाढत नाहीत, एकाचे दोन होतात. प्रयोगशाळेतला निरुपद्रवी ‘के-१२’ आणि रक्ताचे जुलाब लावणारा ‘ओ१५७’ हे दोन्ही ई. कोलाय या एकाच जिवाणूचे प्रकार. एवढे वेगळे वागणारे हे दोन प्रकार एकाच जातीत का ठेवले, यावर आमच्या वर्गातही वाद होतो.