थॉमस होनिग यांचे आठ नकार: दूरदृष्टी की हट्ट?

मिसूरीकर: अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड, तिच्या कॅन्सस सिटीतील प्रादेशिक बँकेचे माजी अध्यक्ष थॉमस होनिग यांनी फेडच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीच्या २०१० मधल्या आठही बैठकांत, दर शून्याजवळ ठेवण्याच्या धोरणाला विरोधी मत दिले, त्यांना भेडसावणारी महागाई पुढे दहा वर्षे आली नाही, म्हणून ती कारकीर्द म्हणजे एक फसलेले भाकीत, असे एका सदस्याने परवा लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवले नाही. होनिग १९७३ साली त्या बँकेत रुजू झाले ते बँकांवर देखरेख ठेवण्याच्या कामावर. त्या दशकात शेतजमिनीच्या आणि तेलाच्या चढत्या भावांवर विसंबून बँकांनी कर्जे वाटली आणि भाव कोसळल्यावर ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का येथे बँकांमागून बँका बुडाल्या. १९८२ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या एका मॉलमधली पेन स्क्वेअर बँक बुडाली आणि तिची तेलकर्जे विकत घेऊन बसलेल्या शिकागोच्या बलाढ्य कॉन्टिनेंटल इलिनॉयला दोन वर्षांत सरकारने तारावे लागले. हे जवळून पाहिलेला माणूस १९९१ ते २०११ अध्यक्षपदी होता. २०१० मध्ये त्यांची मागणी एवढीच होती, की व्याजदर जवळपास शून्यावरून एक टक्क्यावर न्यावा आणि मग थांबून परिणाम पाहावा. याला हट्ट कसे म्हणायचे?

आकडेमोड: अनुभवाविषयी आदर आहे, परंतु मतदान त्या वर्षीच्या परिस्थितीवर करायचे असते. नोव्हेंबर २०१० मध्ये समितीने ६०० अब्ज डॉलरचे सरकारी रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतण्याचा निर्णय दहा विरुद्ध एक मताने घेतला, तेव्हा बेरोजगारी साडेनऊ टक्क्यांच्या वर होती आणि महागाई दोन टक्क्यांच्या खाली. शिवाय ऑक्टोबर २००७ मधली दरकपातही याच गृहस्थांनी नाकारली होती आणि डिसेंबरात मंदी सुरू झाली.

जुना ठेवीदार: आपण सारे बेरोजगारीचे आकडे मांडता, पण ठेवीदाराचे नाव कोणी घेत नाही. मी विचिटामध्ये निवृत्त झालो, तेव्हा आयुष्यभराची पुंजी मुदत ठेवीत होती. तिचे व्याज पाहता पाहता नगण्य झाले आणि आम्हा दोघांना मुद्दल मोडून औषधे घ्यावी लागली. आमच्या बाजूने त्या समितीत बोलणारा होनिग हा एकच माणूस होता.

डेट्रॉईटवासी: व्याज घटले म्हणून रडणाऱ्यांनी क्षणभर आमच्याकडेही पाहावे. माझी नोकरी २००९ मध्ये गेली, मग घर गेले. दर वाढले असते तर गाड्यांची कर्जे महागली असती आणि आमचा कारखाना पुन्हा उभाच राहिला नसता. आपल्याकडे मोडायला मुद्दल तरी होते.

जुना ठेवीदार: ‘रडणाऱ्यांनी’ हा शब्द आपण मागे घ्यावा. काटकसर करणे हा गुन्हा नव्हे. स्वस्त पैशाने पहिल्यांदा वर चढले ते शेअर बाजाराचे भाव, आणि शेअर ना तुमच्याकडे होते ना माझ्याकडे.

डेट्रॉईटवासी: शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. शेअर बाजाराविषयी आपण म्हणता ते खरे आहे. तरीही मला पुन्हा कामावर बोलावले गेले ते लोक कर्ज काढून गाड्या घेऊ लागले म्हणून, आणि तो पगार माझ्या दृष्टीने आपल्या व्याजापेक्षा मोठा आहे.

मिसूरीकर: ठेवीदार विरुद्ध नोकरदार या भांडणात होनिग यांचे मुख्य काम बाजूला पडले आहे. अवाढव्य बँकांना वाचवत बसू नये, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर भाषणात सांगितले होते. पुढे २०१२ ते २०१८ ठेव विमा महामंडळाचे उपाध्यक्ष असताना, मोठ्या बँकांनी स्वतःचे भांडवल वाढवावे आणि विम्याचे संरक्षण असलेल्या ठेवींपासून रोख्यांची सट्टेबाजी वेगळी काढावी, यासाठी ते झगडले. आकडेमोड, दर कधी वाढवावा याबाबत आपले म्हणणे अर्धे मान्य केले, तरी हे काम त्यातून पुसले जात नाही.

आकडेमोड: भांडवलाच्या बाबतीत ते बरोबर होते, हे मला नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. पण ती लढाई बँकांच्या नियमांची होती. त्यासाठी व्याजदर वाढवून डेट्रॉईटच्या कामगाराला आणखी वर्षभर घरी बसवण्याची गरज नव्हती. आणि ऑक्टोबर २००७ च्या मताबद्दल आपण अद्याप एक अक्षरही लिहिलेले नाही.