शाळेजवळच्या चौकात गतिरोधक बसवायचा, की चौकच बदलायचा?

चौकवासी:
मंडळी, चौक महापालिका हद्दीतला आहे. 24 मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी 12 मीटरचे रस्ते येऊन मिळतात. टेपने मोजलेली मापं देतो. डीपी रस्त्यावर दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना 8.5 मीटर डांबरी, मधे 0.6 मीटरचा दुभाजक आणि दोन्हीकडे कागदोपत्री 3.2 मीटरचे पदपथ. विजेची पेटी (तिलाही डीपीच म्हणतात), झाडांचे कट्टे आणि टपऱ्या वजा केल्या तर चालायला जेमतेम 90 सेंटिमीटर उरतात. एका कोपऱ्यावर फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची वाट, साधारण 25 मीटर त्रिज्येचा. 60 मीटरवर शाळा, शंभरावर बसथांबा. सिग्नल आहे, पण रात्री 10 नंतर नुसता पिवळा लुकलुकतो. तीन वर्षांत पायी चालणारे दोघे आणि एक दुचाकीस्वार इथे गेले.

पालिकेपुढे सध्या दोनच प्रस्ताव आहेत: चारही बाजूंना प्लॅस्टिकचे तयार गतिरोधक, किंवा पादचारी पूल. यातलं काय मागावं? की तिसरंच काही?

पायवाट:
तिसरंच मागा. आणि पूल तर अजिबात नको. रस्त्यावर 5.5 मीटर उंची मोकळी ठेवावी लागते, वर गर्डरची जाडी. म्हणजे सहा मीटर चढायचं. 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर चढायला 40 आणि उतरायला 40. गुडघेदुखी असलेली बाई किंवा दप्तर घेतलेलं पोर खालूनच जाणार, आणि पूल झाल्यावर खालचे झेब्रा पट्टे कुणी पुन्हा रंगवत नाही. वाहनांचा वेग आहे तेवढाच राहतो.

मूळ दुखणं रुंदीत आहे. 8.5 मीटरमध्ये दोन रांगा आखल्या असल्या तरी गाड्या तीन रांगांनी धावतात, आणि मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. '30' ची पाटी लावून तो वेग उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. थांबायचं अंतर स्वतः काढून बघा. चालकाची प्रतिक्रिया दीड सेकंद आणि कोरडा रस्ता धरला, तर ताशी 50 ला गाडी थांबायला सुमारे 35 मीटर लागतात, 30 ला सुमारे 18. वीस मीटरवर पोर रस्त्यात उतरलं तर 30 वाली गाडी त्याच्याआधी थांबते. 50 वाल्या चालकाचा पाय त्या वीस मीटरमध्ये जेमतेम ब्रेकवर पोचलेला असतो, म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण वेगाने बसते.

तुमच्या मापांत बसेल असं सांगतो. झेब्र्याच्या जागी दुभाजक 0.6 वरून 2 मीटर रुंद करा. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी 70 सेंटिमीटर गेले, उरले 7.8. कोपऱ्यावर पदपथ 1.8 मीटर पुढे आणा. वाहनांना 6 मीटर राहतात, तीन-तीन मीटरच्या दोन रांगा. ताशी 30 ला बसही त्यातून जाते. आज माणूस एका दमात 17.6 मीटर ओलांडतो. नंतर 6 मीटर, मधे 2 मीटरचा थांबा, पुन्हा 6 मीटर. सावकाश चालणारे आजोबा सेकंदाला 0.8 मीटर जातात, म्हणजे त्यांना आज 22 सेकंद लागतात, नंतर एका वेळी साडेसात. शिवाय एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघायची.

मधला थांबा दीड मीटरपेक्षा अरुंद ठेवू नका. सायकल किंवा बाबागाडी घेऊन उभं राहिलं की चाक रस्त्यात येतं. थांब्यातून जायची वाट रस्त्याच्या पातळीतच कापा, चढउतार नको. दुभाजकातली झुडपं झेब्र्याच्या आधी किमान 20 मीटर गुडघ्याखाली छाटलेली हवीत, जाहिरातीचे फलक तिथे नकोतच. त्यांच्यामागे उभं असलेलं सात वर्षांचं मूल चालकाला दिसतच नाही.

फ्री लेफ्ट बंद करा. या चौकातली सगळ्यात घातक जागा तीच. आरामात वळणारी गाडी 25 मीटर त्रिज्येवर ताशी 30 च्या पुढे असते, 15 मीटरवर 24 च्या आसपास आणि 5 मीटरवर 14. चालकाची नजर उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते आणि पादचारी डावीकडून उतरतो. बस वळणार नाही असं कुणी म्हणालं तर कोपऱ्याचा बाहेरचा दीड मीटर पट्टा खडबडीत दगडी ठेवा, उंची फक्त 4-5 सेंटिमीटर. बसचं मागचं चाक त्यावरून जाईल, कारवाला टाळेल.

खडीमुरूम:
आराखडा पटला. पण असे चौक बिघडतात ते बांधताना, म्हणून तेवढंच लिहितो.

आधी तयार प्लॅस्टिक गतिरोधकाबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात (आयआरसी 99) गोलाकार गतिरोधक 17 मीटर त्रिज्येचा, प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 ला तो त्रास न देता पार होतो. बाजारातली पट्टी 35 सेंटिमीटरच्या आसपास असते. संथ गाडीला ती हाडं खिळखिळी करून सोडते आणि जोरात आलेली मोटार फक्त सस्पेन्शनवर झेलून निघून जाते. दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती उडते, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात. वर्षभरात तुकडे निघतात आणि डांबरात रोवलेले खिळे वर राहतात. मग दुचाकीवाले निघालेल्या तुकड्याच्या फटीतून जायला बाजूला घुसतात.

त्याऐवजी 12 मीटरच्या दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी उंच झेब्रा करा, ज्याला आपण टेबलटॉप म्हणतो. पदपथाची उंची 15 सेंटिमीटर असेल तर तेवढाच. वरचा सपाट भाग 4 मीटर, चढ 1 ला 10 म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड मीटर, एकूण 7 मीटर. बस जात असेल तर सपाट भाग 6 मीटर आणि चढ 1 ला 15 किंवा त्याहून सौम्य, नाहीतर मागच्या सीटवरचे लोक डोकं आपटून घेतात आणि बसचालकच तो उखडायची मागणी करतात.

चढाला पेव्हर ब्लॉक वापरू नका. चाकाचा धक्का चढाच्या पायथ्याशी बसतो, ब्लॉक सुटतात, महिन्याभरात खड्डा. चढ काँक्रीटचा, त्याचा पायथा जुन्या डांबरात 10 सेंटिमीटर खाच कापून बसवलेला. वरून नुसता थापलेला चढ पहिल्या पावसात सुटतो. नंतर रस्त्याचं डांबरीकरण येतं, ठेकेदार जुना थर न खरवडता वर 4-5 सेंटिमीटर चढवतो आणि 15 चा टेबलटॉप 10 चा होतो. दोनदा झालं की 5 चा. कामाच्या निविदेत 'जुना थर मिलिंग करून काढणे' ही बाब आहे का, ते बघा.

पाण्याकडे आपण सगळेच उशिरा बघतो. टेबलटॉप म्हणजे रस्त्यात घातलेला बांध. चढाच्या बाजूला पावसाळी चेंबर नसेल तर नेमकं जिथे पोरं उभी राहतात तिथे डबकं होतं, आणि ते टाळायला लोक झेब्रा सोडून दहा मीटर पुढून ओलांडतात. कोपरा पुढे आणल्यावरही तेच, कारण जुनी जाळी नव्या पदपथाखाली गाडली जाते. पाणी चढाच्या वरच्या अंगाला पकडा. टेबलटॉप आणि पदपथ यांच्या मधे 20 सेंटिमीटरचा झाकलेला नाला ठेवायचा असेल तर जाळीचे गज चालण्याच्या दिशेला आडवे हवेत. उभे गज असले की काठी आणि चाकखुर्चीचं चाक अडकतं.

पट्ट्यांसाठी थर्मोप्लास्टिक (तापवून रस्त्यावर लावायचा जाड थर), जाडी 2.5 मिलिमीटर, वरून चौरस मीटरला 250 ग्रॅम काचेचे मणी. ओल्या किंवा धुळीच्या डांबरावर मारलं की पापुद्रे निघतात. साधा रंग कधीच नको. चार महिन्यांत तो दिसेनासा होतो, आणि पावसात रात्री तर पहिल्या दिवसापासून दिसत नाही.

चौकवासी:
खूप उपयोगी. दोन अडचणी. अधिकारी म्हणतात, 'वेग कुठे आहे, इथे तर कायम कोंडीच असते.' आणि कोपरा पुढे आणला की दुकानदार व रिक्षावाले विरोधाला उठतील. टपऱ्यांच्या मधून दुचाक्याही पदपथावर चढतात, त्यांना खांब लावून अडवता येईल का?

घड्याळकाटा:
वेग मोजायला रडार गन लागत नाही. सरळ भागात 50 मीटर टेपने मोजा, दोन्ही टोकांना फक्कीची आडवी रेघ मारा. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की स्टॉपवॉच सुरू, दुसरीवर आलं की बंद. 6 सेकंद म्हणजे ताशी 30, साडेचार म्हणजे 40, 3.6 म्हणजे 50, आणि 3 म्हणजे 60. दोन रेघांच्या मधोमध उभे राहू नका, तिरपं दिसून चूक होते. एकेक माणूस प्रत्येक रेघेसमोर, पहिल्याने हात खाली करायचा. पुढे मोकळा रस्ता असलेलीच वाहनं धरा, कारण रांगेतलं वाहन स्वतःचा वेग निवडत नाही. अशी शंभर नोंदवा, त्यांचे वेग चढत्या क्रमाने लावा, पंच्याऐंशीवी नोंद हा तुमचा आकडा. सरासरी देऊ नका, सावकाश जाणाऱ्या गाड्या ती खाली ओढतात.

वेळ निवडताना संध्याकाळी 6 ला जाल तर अधिकाऱ्याचंच म्हणणं सिद्ध होईल. शाळा सुटण्याच्या आधीचा अर्धा तास, दुपारी 2 ते 3, आणि रात्री 10 ते 11 अशा तीन वेळा घ्या. मृत्यू झाले त्या वेळा आणि हे आकडे एकाच तक्त्यात मांडा. कोंडीच्या वेळी पत्रे चेपतात, माणसं बहुतेक मोकळ्या रस्त्यावर मरतात.

सिग्नलबद्दल. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वळणाऱ्या वाहनांच्या 3 ते 5 सेकंद आधी सोडायला सांगा. तेवढ्यात लोक झेब्र्याच्या मधे पोचतात आणि चालकाला समोर दिसतात. हे कंट्रोलरमध्ये बदलायचं काम आहे, खोदाई नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच मागा. रात्रीचा लुकलुकता पिवळाही बंद करून छोट्या आवर्तनाचा सिग्नल चालू ठेवता येतो. आवर्तन 60 सेकंदांचं असलं की लोक तोडत नाहीत. 180 सेकंद उभं केलं की वाहनचालकही तोडतात आणि पादचारीही.

दिवा झेब्र्याच्या बरोबर डोक्यावर नको. येणाऱ्या वाहनाच्या बाजूने 3-4 मीटर आधी हवा, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. डोक्यावर असला की चालकाला फक्त काळी आकृती दिसते.

पायवाट:
दुचाकी आणि खांब: अपेक्षा ठेवू नका. चाकखुर्चीला किमान 90 सेंटिमीटर सोडावे लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर सहज जाते. तिला अडवायला फट कमी केली की अडकतात ते अपंगच. खांब मोटारी अडवण्यापुरते, 1.2 मीटर मोकळ्या अंतराने. स्कूटर पदपथावर येते कारण फ्री लेफ्टची सवय आणि पुढे अडकलेला चौक, म्हणून तिथेच उपाय करा.

टपऱ्या हटवू नका, जागा द्या. झाडं, विजेची डीपी, टपऱ्या सगळं रस्त्याकडच्या एका ओळीत आणि आत 1.8 मीटर सलग मोकळी चाल, एवढं आयआरसी 103 (पादचारी सोयींचं मानक) मागतंच. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करताना झाडं, बसायच्या जागा आणि चालायचा पट्टा असे वेगळे केलेत, जाऊन बघा. रिक्षा स्टँड झेब्र्याच्या आधी नको, ओलांडून पुढे. उभ्या रिक्षेमुळे चालकाला माणूस दिसत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या शहराने कोपऱ्यांजवळचं पार्किंग काढून दृष्टी मोकळी केली, आणि 2017 पासून सलग अनेक वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. जुलै 2024 ते जुलै 2025 हे वर्षभर हेलसिंकीतही एकही मृत्यू नव्हता. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर मर्यादा 30 आहे, आणि ती पाळली जाईल असे ते अरुंद केलेले आहेत. आपल्याकडे 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली, त्यात 32,825 पायी चालणारी. दिवसाला नव्वद. हे थांबवता येतं, म्हणून एवढं आग्रहाने लिहितोय.

कलमदान:
कागदाचं थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आहे. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण अर्जात कलमाचा उल्लेख आला की फाइलवर लेखी शेरा द्यावा लागतो. अर्जाची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस, आरटीओ, पालिका एकाच टेबलावर येतात. 'हा ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघातांची जागा) नाही' असं उत्तर येईल. तीन वर्षांत 500 मीटरमध्ये मृत्यू वा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली आहे. शहरातल्या चौकाने दहा मृत्यूंची वाट बघावी असं कुठेच लिहिलेलं नाही. गंभीर जखमींचे गुन्हेही पोलीस ठाण्यातून मोजून घ्या, बहुतेक वेळा आकडा तिथेच वाढतो.

खडीमुरूम:
थेट काँक्रीट मागू नका, आधी चाचणी मागा. फक्कीने नवे कोपरे आखायचे, त्यावर दीड-दीड मीटरवर कोन आणि वळणाच्या टोकाला पाणी भरलेले प्लॅस्टिक बॅरिअर. फ्री लेफ्टच्या तोंडाशी बॅरिअर सलग लावा, एक जरी फट राहिली तरी रिक्षा घुसते. पहिले दोन दिवस गोंधळ होतोच, म्हणून एकाच दिवसाच्या चाचणीवर निर्णय होऊ देऊ नका, किमान दोन आठवडे हवेत. बस वळताना कोन पाडते का ते बघा. पाडत असेल तर कोपरा 30 सेंटिमीटर मागे घ्या, पुन्हा बघा. काँक्रीट ओतल्यावर हे करता येत नाही. तेच 50 मीटर, त्याच वेळा, तेच स्टॉपवॉच घेऊन आधीचे आणि नंतरचे आकडे काढा. दुकानदारांना पहिल्याच दिवशी सोबत उभं करा. माल उतरवायला सकाळी 7 ते 9 ची जागा आखून दिली की निम्मा विरोध मावळतो.

चौकवासी:
ठरलं. या शनिवारी वेग मोजतो, तिन्ही वेळा. आकडे इथेच टाकेन.