डोमेनचे कुलूप: राखण की अडवणूक?

टिळकवाडीकर
काल एका गृहस्थांनी येथे लिहिले की, डोमेनवरचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरचे, ट्रान्सफर लॉक (नाव दुसरीकडे हलू न देणारे कुलूप) ही रजिस्ट्रारची, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीची, गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची युक्ती आहे, म्हणून नाव घेताच ते कायमचे काढून टाकावे. हा सल्ला घातक आहे. कुलूप असले की दुसऱ्या रजिस्ट्रारकडून आलेली ट्रान्सफरची मागणी रजिस्ट्रीच, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्थाच, फेटाळते. ते नसेल आणि ऑथ कोड (नाव हलवण्याचा गुप्त संकेतांक) कोणाच्या हाती लागला, तर जुन्या रजिस्ट्रारने 5 दिवसांत हरकत न घेतल्यास नाव निघून जाते, कारण तेथे मौन हीच संमती धरली जाते. जानेवारी 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचे डोमेन तिच्या संमतीवाचून ऑस्ट्रेलियातील रजिस्ट्रारकडे गेले आणि ग्राहकांची ई-मेल कोलमडली. मग आपल्या बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदाराने कोणाच्या भरवशावर दार उघडे ठेवावे?

उद्यमबागकर
किल्ली कोणाकडे असते, हे आपण सांगितलेच नाही. आमच्या फाउंड्रीचे डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंदवले होते. "उद्या कुलूप काढतो" हे आम्ही तीन महिने ऐकले. अखेर नाव आमच्यावर करून घेतले, तर मालक बदलला म्हणून आणखी 60 दिवसांचे कुलूप बसले. त्या अवधीत मुदत संपत आल्यामुळे, ज्याला सोडायचे होते त्याच्याकडेच नूतनीकरणाचे पैसे भरावे लागले. याला राखण म्हणावे काय?

टिळकवाडीकर
तो 60 दिवसांचा नियम आयकॅनने, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, 1 डिसेंबर 2016 पासून लागू केला, आणि काही रजिस्ट्रार त्यातून सूट देतात. मात्र ती बदल करण्यापूर्वी मागावी लागते. आपण आधी ट्रान्सफर आणि मग नावात बदल, असा क्रम ठेवला असता तर हे टळले असते. शिवाय कुलूप स्वतः काढण्याची सोय नसेल, तर मागणी केल्यापासून 5 दिवसांत ते काढणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे.

उद्यमबागकर
साहेब, तो हक्क नोंदणीधारकाचा आहे, आणि नोंदणीधारक तो होता, मी नव्हतो! नियम वाचून दाखवणाऱ्याचे तीन महिने वाया गेलेले नसतात.

शहापूरकर
आपण दोघेही कुलपावर भांडत आहात, पण आमच्या वाचनालयाचे नाव कुलूप असतानाच गेले. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तेव्हा समितीने नव्या स्पेलिंगचे डोमेन घेतले आणि जुने सोडून दिले. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सहसा काही दिवसांची सवलत मिळते, पुढे 30 दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही घेता येते. मुदतीची आठवण देणाऱ्या ई-मेलकडे आम्ही पाहिलेच नाही. आज त्या पत्त्यावर परक्याची जाहिरात दिसते, आणि सभासदांच्या जुन्या पावत्यांवर मात्र तोच पत्ता छापलेला आहे.

खानापूरकर
जुने स्पेलिंग सोडलेच का? सरकारने पाटी बदलली म्हणून आमच्या घरात बेळगावचे बेळगावी झाले नाही. 2014 पासून डॉट कॉमसारखेच डॉट भारत हे डोमेन देवनागरीत मिळते. तेथे सरळ 'बेळगाव' लिहून नाव घ्यायला हवे होते.

शहापूरकर
घरात आम्हीही बेळगावच म्हणतो, त्याचे शिक्षण आम्हाला नको. परंतु सरकारी कागदावर आणि बँकेत नवे नाव लागते, आणि कानडी शेजारीही आमचे सभासद आहेत. देवनागरी पत्ता पावतीवर शोभतो, पण तोच ई-मेलमध्ये अनेक फॉर्म घेत नाहीत, तेव्हा काय करावे?

खानापूरकर
फॉर्म घेत नाहीत म्हणून आपण आपली लिपी सोडत गेलो, तर ते कधीच घेणार नाहीत. निदान जुने नाव भरत राहायचे! वर्षाच्या त्या खर्चासाठी तुम्ही गावाचे नाव परक्याला दिलेत.

शहापूरकर
शेवटचे वाक्य लागले, पण ते खरे आहे. दोन्ही नावे भरायला हवी होती.

टिळकवाडीकर
मुदत संपण्यापुढे कुलपाचा इलाज नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. उद्यमबागकरांचेही एवढे मान्य करतो की, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तेच कुलूप मालकाच्या विरोधात जाते. तरीही ते कायम काढून ठेवावे, हे मला मुळीच पटत नाही.

उद्यमबागकर
काढून ठेवा, असे मी म्हटलेच नव्हते. आपले वाचून आत्ता नोंदणी उघडून पाहिली. नाव आमचे आहे, कुलूपही लागलेले आहे, पण नोंदणीधारकाच्या ई-मेलच्या रकान्यात अजून त्या वेबसाइटवाल्याचाच पत्ता आहे. तो बदलला की पुन्हा 60 दिवस बसू शकतात. तरी आजच बदलतो.