वाशिष्ठी नदीच्या वरच्या पऱ्यांवर (ओढ्यांवर) छोटे मातीचे बांध घातले तर?

पेठेतला: २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी होतं, भिंतीवरची रेघ आईने अजून पुसू दिली नाहीये. तेव्हापासून सगळं गाळ काढण्यावरच चाललंय. काढा ना, पण पाणी वरच अडवा की थोडं! पऱ्यांवर पाच-दहा छोटे मातीचे बांध घातले तर लोंढा दोन-चार तास मागे राहील, तेवढ्यात खाडीची भरती ओसरेल. बोला.

डोंगरवाडी: तिवरे विसरलात काय? तेही मातीचं छोटंच धरण, आपल्याच तालुक्यातलं. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, भेंदवाडी गेली, वीसेक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या, आणि मंत्री काय म्हणाले तर खेकड्यांनी फोडलं.

सांडवा: खेकडे बिळं पाडतात हो, पण ती बुजवायची कोणी? मातीचं धरण जातं ते बहुतेक दोनच कारणांनी, एक तर पाणी वरून जातं नाहीतर आतला पाझर माती घेऊन निघतो. पायथ्याला गळतंय ते स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ आलं की माणसं हलवा. बाकी तिवरे साठवणीचं होतं. पूर अडवायचा तर धरण रिकामं पाहिजे, तळाला बिनदाराचा उघडा पाइप आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, ऐसपैस.

डोंगरवाडी: रिकामं?? मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला सांगून बघा, जमीन तुमची घेणार पण पाणी ठेवणार नाही. पहिल्याच वर्षी पाइपात बोळा कोंबतील. मी स्वतः कोंबेन.

हिशेबनीस: एका चौरस किलोमीटरवर ३०० मिमी पडला की ३ लाख घनमीटर पाणी होतं. दहा बांध २०२१ ला पहिल्या काही तासांतच भरून वाहिले असते.

पेठेतला: २०२१ चं कोण म्हणतंय, दरवर्षी बाजारात गुडघाभर येतं त्याचं बोलतोय मी. त्यानेही दुकानातला माल जातोच.

माळावरचा: नवे राहू द्या, आधी आहेत ते बघा. आमच्या पाझर तलावाच्या बांधावर झाडं माजलीत, बाहेरच्या उतारावर काल रात्री ओल दिसली, खाली पाणी झिरपतंय. सांगायला गेलो तर लेखी द्या म्हणाले, तेही दिलं.

सांडवा: पाणी स्वच्छ की गढूळ?

माळावरचा: बॅटरीत काय कळतंय. उजाडलं की जातो.