ताप उतरत नाही म्हणजे रेझिस्टन्स, असं नाही

टायफॉइडवर सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक सुरू करून तीन दिवस झाले तरी ताप आहे म्हणजे जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. जंतू औषधाला पूर्ण दाद देत असला तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, कारण हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो. पेशंटची तब्येत खालावत नसेल, तर तिसऱ्या दिवशी मेरोपेनेम या अँटिबायोटिकवर उडी मारू नये. रेझिस्टंट जंतूंसाठी ते राखूनच ठेवायला हवं. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६पासून पसरलेल्या टायफॉइडवर सेफ्ट्रायॅक्झोन चालतच नाही, तिथे मुख्यतः अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेम एवढंच हाताशी उरलंय.

टायफॉइडसाठी रक्तातल्या अँटिबॉडी पाहणाऱ्या विडाल टेस्टवर विसंबू नये हे मान्यच. पण ‘ब्लड कल्चरही (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्हच येतं’ या तक्रारीमागचं एक मोठं कारण बोललं जात नाही: रक्तच कमी घेतलं जातं. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, मग मोठ्या माणसाच्या दोन-तीन मिलीत काय सापडणार? कल्चरच्या दर बाटलीमागे ८ ते १० मिली हवं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, मगच सुई टोचायची. आणि लॅब बंद आहे म्हणून भरलेली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची नाही, ती बाहेरच राहू द्यायची. गारठ्यात जंतूची वाढ खुंटते. एवढं सगळं नीट केलं तरी शंभरातले चाळीसेक रुग्ण कल्चरमधून निसटतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून उपचार मध्येच थांबवू नयेत.